आधी उंबरठा पाहा

ज्यानं आजवर देवळात पाऊलच टाकलेलं नाही, अशा माणसाला पहिल्यांदा कुठलं देऊळ दाखवावं? जुन्या देवळांचं वेड असलेल्या माणसाला हा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझं उत्तर ठरलेलं आहे: सिन्नरचं गोंदेश्वर. पंढरपूर, तुळजापूर, कोल्हापूर ही आपली मोठी देवस्थानं आहेत, पण तिथं नवखा माणूस रांगेत सापडतो. दोन-तीन तास लोखंडी कठड्यांतून सरकत जायचं आणि देवासमोर पोचताच कुणीतरी खांद्याला धरून पुढं ढकलतं. श्रद्धावंताला तेवढं क्षणभराचं दर्शन पुरतं, कारण तो घरूनच देवाला मनात घेऊन आलेला असतो. नवख्याच्या हाती मात्र गर्दीपलीकडं काही लागत नाही.

गोंदेश्वर नाशिकपासून पुण्याच्या वाटेवर तीसेक किलोमीटरवर आहे. सिन्नर ही यादवांची जुनी राजधानी आणि हे देऊळ साधारण बाराव्या शतकातलं. उंच जोत्यावर मधोमध शंकराचं मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांना पार्वती, गणपती, सूर्य आणि विष्णू यांची लहान देवळं. याला शैव पंचायतन म्हणतात. पाच देवांचं अख्खं कुटुंब एका अंगणात आणि समोर स्वतंत्र मंडपात नंदी. आवार मोकळं आहे. वाटेल तितका वेळ थांबा, कुणी हटकत नाही. सकाळी लवकर जावं. देऊळ पूर्वाभिमुख आहे, त्यामुळं उन्हं थेट मंडपात शिरतात आणि खांबांवरचं कोरीवकाम उजळून निघतं.

माझ्या बँकेत मिझोराममधून बदलून आलेला एक तरुण अधिकारी होता. लहानपणापासून दर रविवारी चर्चमध्ये जाणारा. त्याला मी गोंदेश्वरला नेलं. मंडपात उभं राहून त्यानं चहूकडं पाहिलं आणि विचारलं, “सर, लोक बसतात कुठं?” नवख्याला पडावा असा हा नेमका प्रश्न. चर्च किंवा मशीद ही मुळात एकत्र जमून प्रार्थना करण्याची जागा. देऊळ हे देवाचं घर. तिथं देव राहतो, सकाळी काकड आरतीनं उठतो, न्हातो, जेवतो, दुपारी विश्रांती घेतो, रात्री शेजारती झाली की निजतो. आपण त्याला भेटायला जातो. मंडपात कीर्तन होतं, प्रवचन होतं, उत्सवात पंगतीही बसतात. पण एकटा माणूस भर दुपारी येऊन दोन मिनिटं हात जोडून गेला, तरी त्याची देवळाची भेट पुरी होते. एवढं त्याला सांगितल्यावर पुढचं सगळं सोपं गेलं.

रीतभात आणि शास्त्र थोडक्यात सांगून टाकतो, कारण ते कुठल्याही पुस्तकात मिळेल. चपला बाहेर काढाव्यात. पाय धुवायची सोय असेल तर धुवावेत. घंटा एकदाच, हलकेच वाजवावी. तीर्थ उजव्या तळहातावर घ्यावं, प्रसाद उजव्या हातानं. प्रदक्षिणा देवाला उजव्या हाताला ठेवून घालावी. शंकराच्या देवळात मात्र अभिषेकाचं पाणी बाहेर काढणारी पन्हळ ओलांडायची नाही, तिथवर जाऊन मागं फिरायचं. वेरूळच्या घृष्णेश्वरासारख्या ठिकाणी पुरुषांना गाभाऱ्यात उघड्या अंगानं जावं लागतं, हे आधी सांगून ठेवावं म्हणजे पाहुण्याची पंचाईत होत नाही. रचना म्हणाल तर मुखमंडप, सभामंडप, अंतराळ आणि गाभारा असा क्रम. गाभाऱ्यावर शिखर. सिन्नर आणि अंबरनाथ ही दोन्ही देवळं भूमिज शैलीतली, म्हणजे शिखरावर लहान-लहान शिखरांच्या ओळी चढत जाणारी. आणि दिसलं काळ्या दगडाचं देऊळ की म्हण हेमाडपंती, ही सवय आता सोडायला हवी. हेमाद्री पंडित तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथच्या शिलालेखावर शके 982, म्हणजे इ.स. 1060 हे वर्ष आहे. ते देऊळ शिलाहारांच्या काळातलं, हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं.

आता माझ्या आवडत्या जागेकडं येतो. देवळात गेलेला माणूस शिखर पाहतो, खांब पाहतो, मूर्ती पाहतो. ज्या दारातून तो देवाकडं पाहतो, ते दार मात्र त्याला दिसतच नाही. माझ्या मते जुन्या देवळातली सगळ्यात बोलकी जागा म्हणजे गाभाऱ्याचं दार, आणि त्यातही उंबरठा. मंडपातल्या दगडी कासवापाशी थांबा. तिथून दोन पावलं पुढं या आणि चक्क खाली बसा. नजर जमिनीपासून वर न्यायची.

उंबरठ्यापुढं जमिनीत अर्धचंद्राच्या आकाराचा एक दगड बसवलेला असतो, ती चंद्रशिला. तिच्या दोन बाजूंना बऱ्याचदा शंख कोरलेले असतात. मग प्रत्यक्ष उंबरठा. त्याचा मधला भाग गोलसर पुढं आलेला असतो, त्याला मंदारक म्हणतात. त्यावर कमळाचे देठ आणि वेलबुट्टी. मंदारकाच्या दोन बाजूंना दोन चेहरे: बटबटीत डोळे, फुगलेले गाल, वरच्या दातांची रांग आणि खालचा जबडा नाहीच. ही कीर्तिमुखं. शेकडो वर्षं बायाबापड्यांनी हळदकुंकू वाहून आणि हात लावून कपाळाला नेऊन यांची नाकं झिजलेली असतात. कडेचा दगड खरखरीत आणि चेहऱ्यावरचा मात्र तुळतुळीत. यादवकाळातल्या एखाद्या उंबरठ्यावर बोट फिरवून पाहा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

या चेहऱ्याची कथा पुराणात आहे. जालंधर नावाच्या असुरानं राहूला दूत म्हणून शंकराकडं पाठवलं आणि पार्वतीची मागणी केली. शंकराच्या क्रोधातून एक भयंकर भुकेला प्राणी प्रकटला आणि राहूच्या अंगावर धावला. राहू शरण आला, शंकरानं त्याला सोडून दिलं. आता त्या प्राण्यानं खायचं काय? शंकर म्हणाला, स्वतःलाच खा. तो हातपाय, पोट, छाती खात खात गळ्यापर्यंत आला आणि उरलं फक्त तोंड. शंकर प्रसन्न झाला. त्यानं त्याला कीर्तिमुख हे नाव दिलं आणि वर दिला की तू माझ्या दाराशी राहशील, तुला वंदन केल्याशिवाय कुणी माझ्यापर्यंत येणार नाही. म्हणून ते तिथं आहे. आपली भूक आणि आपला मीपणा खाऊन संपवणारा चेहरा देवाच्या दारात पायाशी ठेवायचा, हे ज्यांना सुचलं त्यांच्या बुद्धीपुढं मी दर वेळी नतमस्तक होतो.

उंबरठ्यावरून नजर बाजूच्या चौकटीकडं न्या. दगडात उभे पट्टे दिसतील, त्या द्वारशाखा. त्या मोजाव्यात. तीन, पाच, सात किंवा नऊ, संख्या बहुधा विषमच भरते. एका पट्ट्यात पानांची वेल, एकात रत्नांची नक्षी, एकात माणसांच्या जोड्या, एकात व्याल नावाचे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, आणि एक पट्टा अगदी बारीक खांबासारखा घडवलेला. लांबून हे सगळं काठापदरासारखं दिसतं, जवळ गेलं की प्रत्येक पट्ट्याचा कारागीर वेगळा असावा असं वाटतं. तळाशी द्वारपाल उभे असतात. त्यांच्या हातात काय आहे ते पाहा: त्रिशूळ, डमरू असेल तर आत शंकर, शंख, चक्र, गदा असेल तर आत विष्णू. चौकटीच्या वरच्या आडव्या दगडावर, अगदी मध्यावर, एक छोटी मूर्ती असते. ते ललाटबिंब. आपल्याकडं तिथं बहुतेक गणपती असतो, क्वचित गजलक्ष्मी. देवळाचा नामफलक हरवला, आतली मूर्ती नाहीशी झाली, तरी जाणता माणूस या दारावरून आत कोण होतं याचा अंदाज बांधू शकतो.

माझा मिझो मित्र या दाराशी बराच वेळ बसला. मग म्हणाला, “बाहेर इतकं कोरलंय आणि आत काहीच नाही?” खरंच आहे. गाभाऱ्याच्या आतल्या भिंती बहुधा सपाट, खिडकी नाही, उजेड समईचा. बाहेरच्या भिंतींवर देव, अप्सरा, हत्ती, युद्धं, प्रेमिक, सगळा संसार. मंडपात तो कमी होत जातो. दारावर अखेरचं कोरीवकाम आणि उंबरठ्यापलीकडं अंधारात फक्त पिंडी. अंबरनाथला तर पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. हा प्रवास पाहुण्याला एकदा पायांनी कळला की व्याख्यानाची गरज राहत नाही.

गोव्यात आणि दक्षिण कोकणात या उंबरठ्याशी आणखी एक गोष्ट पाहायला मिळते. आत पुजारी मूर्तीवर ठरलेल्या जागी ओल्या फुलांच्या पाकळ्या किंवा कळ्या चिकटवतो आणि बाहेर घरची माणसं डोळ्यांत प्राण आणून बघत उभी असतात. हा कौल. मुलीचं लग्न इथं जमवावं का, जमीन विकावी का, असा प्रश्न देवापुढं ठेवलेला असतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी अर्धा तास काहीच पडत नाही. अशा वेळी नवख्यानं बोलू नये, फोटो तर मुळीच काढू नये. दारातून देवाशी चाललेलं इतकं खाजगी बोलणं मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही.

कोल्हापूरला हाच उंबरठा सूर्य ओलांडतो. अंबाबाई पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून शिरतात, मंडप पार करतात आणि देवीपर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. हा किरणोत्सव. एवढ्या लांबून येणाऱ्या उन्हाला सगळी दारं एका रेषेत मिळावीत, असा हिशेब करून बांधणाऱ्यांचं नावही आपल्याला ठाऊक नाही.

उंबरठ्याचं कौतुक करताना त्यानं कुणाला बाहेर ठेवलं, हे सांगितल्याशिवाय पुढं जाणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. पाहुण्यालाही ते सांगावं. पंढरपूरच्या महाद्वाराशी नामदेवांची पायरी आहे. भक्तांच्या पायांची धूळ लागावी म्हणून त्यांनी ती जागा मागितली. तिच्यासमोरच चोखोबांची समाधी आहे, आणि त्यांना जिवंतपणी आत जाता आलं नव्हतं. 2 मार्च 1930 रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षं चालला, दार उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी त्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. मे 1947 मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा कुठं विठोबाचं दार सर्वांना खुलं झालं. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता यायला 2016 साल उजाडावं लागलं. ज्या दारावर अहंकार खाणारा चेहरा कोरला, त्याच दारात माणसांनी आपला अहंकार जपला. मूळ शिल्पकारांनी सांगितलेलं आपण पाळलं नाही, असंच मला ठामपणे वाटतं.

आणि आता हे दार दिसेनासं होत चाललंय. भाविक प्रेमानं चांदीचा पत्रा अर्पण करतात, तो चौकटीवर ठोकला जातो. 2024 साली पंढरपूरला संवर्धनासाठी चांदी उतरवली, तेव्हा आतला मूळ दगड लोकांना पाहायला मिळाला. गावोगावच्या लहान देवळांचं दुखणं वेगळं आहे. एका गावात मी जुनी, सुरेख पाच शाखांची चौकट पाहून आलो होतो. पुढं गेलो तेव्हा तिला गुलाबी आणि पोपटी ऑइलपेंट लागलेला होता आणि उंबरठ्यावर टाइल्स बसवून कीर्तिमुखं कायमची गाडली होती. पैसे गावानंच वर्गणी काढून जमवले होते. हेतूत खोट नव्हती, म्हणून मला अधिकच वाईट वाटलं. रंगानं बारीक नक्षी बुजते, आणि तो काढताना हयगय झाली तर दगडाचा पापुद्रा सोबत येतो.

गोंदेश्वरनंतर पाहुण्याला अंबरनाथला न्या, मग खिद्रापूरच्या कोपेश्वराला. तिथला अठ्ठेचाळीस खांबांचा स्वर्गमंडप आणि त्याच्या छताचं गोल मोकळं आकाश पाहायला तर मी कुणालाही कधीही घेऊन जायला तयार आहे. त्या देवळापुढं नंदी नाही, हेही त्याला स्वतःला शोधू द्या.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही गावी जालच. ग्रामदैवताच्या दर्शनाला गेलात की पाच मिनिटं उंबरठ्याशी बसा, शाखा मोजा, ललाटबिंबावर कोण आहे ते मुलांना ओळखायला सांगा, चौकटीचे स्वच्छ फोटो काढून ठेवा. आणि गावात जीर्णोद्धाराची बैठक निघाली तर तिथं एवढं एकच बोला: शिखर नवं करा, मंडप वाढवा, पण गाभाऱ्याच्या दाराला रंग, टाइल्स किंवा पत्रा लावण्याआधी राज्याच्या पुरातत्त्व खात्याला एक पत्र लिहून विचारा. पत्राला फार तर एक संध्याकाळ लागेल. बुजवलेला उंबरठा मात्र पुन्हा कोरता येत नाही.