ताओपंथीय ध्यान आणि अंतर्गत युद्धकला : साधकांच्या स्वानुभवकथनांचे स्वरूप

प्रास्ताविक

ताई ची, शिंग-यी आणि बा-ग्वा या तीन चिनी युद्धकलांना 'अंतर्गत' युद्धकला असे संबोधले जाते. त्यांचा उगम ताओपंथीय ध्यानसाधनेतून झाला, ही समजूत आज जगभर रूढ आहे. धुक्यातील डोंगरावर संथ गतीने हात फिरविणारा वृद्ध साधू हे चित्र चित्रपटांनी आणि आरोग्यविषयक पुस्तकांनी सर्वदूर पोहोचविले आहे. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने ताई चीचा समावेश मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत केल्यानंतर या चित्रास अधिकच प्रतिष्ठा लाभली.

इतिहासाच्या कसोटीवर ही समजूत जशीच्या तशी टिकत नाही. ध्यानपरंपरा अतिप्राचीन आहे. युद्धकलेशी तिचे लेखी नाते मात्र बरेच अलीकडचे आहे. तथापि, एवढे सांगून विषय संपत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी काही साधकांनी स्वतःच्या शरीरात आलेले अनुभव तपशीलवार लिहून ठेवले आणि या दोन परंपरांचा सांधा आपल्या अनुभवानेच जुळतो, असे प्रतिपादन केले. अशा कथनांचे काय करावयाचे, हा खरा प्रश्न आहे. ती भाबडी म्हणून बाजूला सारावीत, की पुरावा म्हणून स्वीकारावीत? सुन लुथांग आणि जिआंग वेइछ्याओ या दोघांच्या लेखनाच्या आधारे या प्रश्नाचा येथे विचार केला आहे.

ध्यानपरंपरेची पार्श्वभूमी

चिनी ध्यानाचे सर्वांत जुने उपलब्ध विवेचन 'ग्वानत्झू' या संग्रहातील 'अंतःसाधना' या अर्थाच्या नावाच्या प्रकरणात आढळते. अभ्यासक ते सामान्यतः इसवी सनपूर्व चौथ्या शतकातील मानतात. शरीर नीट ठेवावे, मन स्थिर करावे, म्हणजे प्राणतत्त्व आपोआप येऊन वसते, असा त्याचा आशय आहे. 'च्वांगत्झू' या ग्रंथात 'मनाचा उपवास' आणि 'बसून विसरणे' या दोन कल्पना येतात. गंमत अशी की, त्या ग्रंथात बसून विसरण्याची वाट कन्फ्यूशियसचा शिष्य सांगतो आणि प्रत्यक्ष कन्फ्यूशियस त्याच्या मागे चालण्याची इच्छा व्यक्त करतो. पुढे थांग राजवटीत स-मा छंगजन (६४७–७३५) यांनी याच विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या साऱ्या विवेचनात भर आहे तो सोडून देण्यावर.

नंतरच्या शतकांत 'अंतर्गत किमया' हा साधनामार्ग बळावला आणि भाषा पालटली. प्रत्यक्ष भट्टीत शिसे व पारा तापवून अमरत्वाची गुटिका बनविण्याऐवजी साधकाचे शरीर हीच भट्टी मानली गेली. बीजतत्त्वाचे 'ची'मध्ये, 'ची'चे चैतन्यात आणि चैतन्याचे शून्यात परिवर्तन, अशा तीन पायऱ्या मानण्यात आल्या. जांग बोदुआन यांचा १०७५ च्या सुमारास रचलेला पद्यग्रंथ या मार्गाचा आधारग्रंथ ठरला. बेंबीखालील भागास 'दानत्येन', म्हणजे किमयेचे शेत, असे नाव आहे. तेथे उष्णता जमते, ती माकडहाडातून पाठीच्या कण्याने मस्तकापर्यंत चढते आणि चेहऱ्यावरून, छातीवरून पुन्हा खाली येते, असे हे वर्णन आहे. या फेऱ्यास 'लघु आकाशपरिक्रमा' म्हणतात.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीचे वर्णन ज्यांच्या परिचयाचे आहे, अशा मराठी वाचकास येथे साम्य जाणवणे स्वाभाविक आहे. परंतु हे साम्य जपून हाताळावे लागते. कुंडलिनीचे गन्तव्य वर, ब्रह्मरंध्रापाशी आहे. चिनी परिक्रमेत मात्र मस्तक हा वाटेवरचा मुक्काम असून ऊर्जा पुन्हा पोटातील आपल्या स्थानी परतते. तसेच 'ची' या शब्दात श्वास, वाफ, हवामान आणि ज्यापासून वस्तुमात्र घडले ते द्रव्य असे अनेक अर्थ सामावलेले आहेत. त्याचे 'प्राण' असे सरळ भाषांतर केल्यास यांतील बराचसा अर्थ निसटतो.

'अंतर्गत' या शब्दाचा इतिहास

युद्धकलेच्या संदर्भात 'अंतर्गत' हा शब्द प्रथम ठळकपणे आढळतो तो १६६९ मध्ये, आणि तोही एका मृत्युलेखात. मिंग राजवटीशी अखेरपर्यंत निष्ठा बाळगणारे विद्वान ह्वांग जोंगशी यांनी वांग जंगनान या योद्ध्यासाठी तो लिहिला. शाओलिन मठाची कला आक्रमक, म्हणून 'बाह्य'. आणि वूदांग पर्वतावरील जांग सानफंग या ताओपंथी साधूपासून आलेली, शांततेने हालचालीवर मात करणारी कला 'अंतर्गत', अशी विभागणी त्यांनी केली. ह्वांग यांचे पुत्र बायजिआ हे वांग यांचे शिष्य होते. त्यांनी १६७६ मध्ये या कलेची माहिती लिहून ठेवली.

या विभागणीला राजकीय संदर्भ असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे आणि ते पटण्याजोगे आहे. चीन तेव्हा मांचू सत्तेखाली होता. शाओलिन मठ बौद्ध, म्हणजे मूळच्या परदेशी धर्माचा. ताओपंथ मात्र या मातीतला. बाहेरच्याला आतल्याने नमविणे हा आशय केवळ कुस्तीच्या आखाड्यापुरता मर्यादित नव्हता.

ह्वांग यांच्या लेखात ताई चीचा उल्लेखही नाही. जांग सानफंग हा तिचा जनक असल्याची कथा नंतर जोडली गेली. थांग हाओ (१८९७–१९५९) यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शाओलिन-वूदांगविषयक ग्रंथात अशा दंतकथांची झाडाझडती घेतली. पुढे हनान प्रांतातील छनजिआगोउ या गावातील छन घराण्याच्या कागदपत्रांवरून, ताई चीचा उगम सतराव्या शतकातील छन वांगथिंग या लष्करी पेशाच्या गृहस्थाकडे जातो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नानजिंग येथे १९२८ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय राष्ट्रीय युद्धकला संस्थेचे आरंभीचे दोन विभाग मात्र 'शाओलिन' आणि 'वूदांग' या नावांचेच होते. अडीचशे वर्षांपूर्वीच्या मृत्युलेखातील अलंकार असा कार्यालयाच्या पाटीवर आला!

सुन लुथांग यांची साक्ष

या संस्थेत वूदांग विभागाच्या प्रमुखपदासाठी ज्यांना पाचारण करण्यात आले, ते सुन लुथांग (१८६०–१९३३) हे या विषयातील मध्यवर्ती व्यक्तिमत्त्व होय. हबेइ प्रांतातील गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ली ख्वेइयुआन आणि त्यांचे गुरू गुओ युनशन यांच्याकडून ते शिंग-यी शिकले, तर बेइजिंगमध्ये चंग थिंगह्वा यांच्याकडून बा-ग्वा. पन्नाशी उलटल्यावर, बेइजिंगमध्ये आजारी पडलेल्या हाओ वेइजन या ताई ची शिक्षकाची त्यांनी शुश्रूषा केली आणि त्या उपकाराची फेड म्हणून हाओ यांनी त्यांना आपली विद्या दिली. सुन यांनी १९१५ पासून पुढे पाच ग्रंथ प्रसिद्ध केले. तिन्ही कला मुळात एकच असून त्यांचे तत्त्व ताओपंथीय साधनेहून भिन्न नाही, हा त्यांचा सिद्धांत होता.

त्यांच्या १९२४ च्या ग्रंथात गुओ युनशन यांच्या मुखी घातलेली एक मांडणी विशेष महत्त्वाची आहे. किमयेच्या तीन पायऱ्यांना तेथे बलाच्या तीन अवस्था जोडल्या आहेत. पहिली 'स्पष्ट बल', म्हणजे शिस्तबद्ध, दिसणारी ताकद. तिने हाडे पालटतात. दुसरी 'गुप्त बल', जिने स्नायुबंध पालटतात. तिसरी 'परिवर्तित बल', जिने मज्जा धुऊन निघते आणि जिच्यात प्रयत्नाचा मागमूस उरत नाही. नवशिक्याचे ताठरलेले खांदे आणि मुरलेल्या साधकाची सैल वाटणारी परंतु ढळता न ढळणारी उभी राहण्याची ढब यांतील फरक ज्याने पाहिला आहे, त्याला ही मांडणी केवळ शब्दांचा खेळ वाटणार नाही.

याच ग्रंथाच्या अखेरीस सुन यांनी स्वतःचा अनुभव नोंदविला आहे. मुष्टियुद्ध म्हणजेच ताओ, असे गुरुजन सांगत. पण लहानपणापासून ते ऐकूनही आपल्याला त्याविषयी शंका होती, अशी कबुली ते आरंभीच देतात. तिसऱ्या अवस्थेचा सराव सुरू झाल्यावर मात्र काही निराळेच घडू लागले. दररोज एक आकृती करून ते थांबत, सरळ उभे राहत, मन स्थिरावे. आणि अशा वेळी शरीराच्या अगदी तळाशी काहीतरी अंकुरल्यासारखे हलत असल्याचे त्यांना जाणवे. हे कधी होई, कधी होत नसे. पुढे पुढे त्याचा जोर इतका वाढला की, स्खलन होते की काय असे वाटावे. किमयेच्या ग्रंथांत बैठ्या साधनेत 'खरे यांग' जागे होते असे वर्णन आहे, हे त्यांना आठवले. पण तेथे स्थिरतेतून हालचाल शोधली जाते आणि येथे हालचालीतून स्थिरता. मग तीच रीत येथे चालेल का, हा त्यांना पडलेला प्रश्न. त्यांनी सहसाधकांना विचारले. एकमत झाले नाही. अखेर त्यांनी स्वतःच प्रयोग करून, आतल्या श्वासाच्या साह्याने ते चलन शमविले.

या वर्णनाचे मोल त्याच्या चाचपडण्यात आहे. येथे चमत्कार नाही. अनुभव कधी आला आणि कधी आला नाही याचीही नोंद आहे. मात्र संवेदना आधी आली आणि तिचे नाव नंतर, ग्रंथाच्या स्मरणातून आले, हेही येथे स्पष्ट दिसते. अंकुरणे ही संवेदना. 'खरे यांग' हा अर्थ.

जिआंग वेइछ्याओ : एक अनुभव, दोन परिभाषा

जिआंग वेइछ्याओ (१८७३–१९५८) योद्धे नव्हते. ते शिक्षणतज्ज्ञ होते, शांघायच्या कमर्शियल प्रेस या प्रकाशनसंस्थेत पाठ्यपुस्तकांचे संपादन करीत. बालपणापासून प्रकृती क्षीण. तरुणपणी क्षयाने गाठले आणि खोकल्यातून रक्त पडू लागले. औषधांनी गुण येईना, तेव्हा १९०० साली त्यांनी घरातील एका जुन्या वैद्यकग्रंथात वाचलेल्या ताओपंथीय बैठकीचा नियमाने अवलंब केला. त्यांच्या कथनानुसार, पंच्याऐंशीव्या दिवशी पोटातील उष्ण लोट पाठीच्या कण्यातून मस्तकापर्यंत गेला आणि पुढच्या बाजूने खाली उतरला. प्रकृती हळूहळू सुधारली.

हा अनुभव सांगणारे त्यांचे 'शांत बैठकी'वरील पुस्तक १९१४ मध्ये निघाले आणि अफाट लोकप्रिय झाले. त्यात त्यांनी जुनी गूढ परिभाषा जाणीवपूर्वक टाळली. 'दानत्येन'च्या जागी त्यांनी शरीराचा 'गुरुत्वमध्य' आणला. जपानमधील ओकादा तोराजिरो यांच्या शांत-बैठक चळवळीचा प्रभावही त्यामागे होता. यीन-यांग, शिसे-पारा हे शब्द त्यांना अडगळ वाटत. शरीरशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्या भाषेत सांगितल्याखेरीज नव्या शाळांतून शिकलेला तरुण हे ऐकणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. चीन हा 'आशियाचा आजारी माणूस' असल्याचा टोमणा ज्या पिढीच्या जिव्हारी लागला होता, तिला रोगमुक्त झालेल्या एका शिक्षकाची साक्ष हवीच होती. पुढे ते बौद्ध थिएनथाय पद्धतीकडे वळले आणि १९१८ च्या पुरवणी पुस्तकात तिचे विवेचन केले. १९५० च्या दशकात, वयाची ऐंशी उलटल्यावर, त्यांनी आपले अनुभव पुन्हा लिहिले, तेव्हा नाड्या आणि परिक्रमेची पारंपरिक नावे त्यांना वर्ज्य राहिली नव्हती.

उष्ण लोट तोच. एकदा तो गुरुत्वमध्याच्या भाषेत आला, एकदा नाड्यांच्या. यावरून अनुभव खोटा ठरत नाही. तसेच क्षय बैठकीनेच बरा झाला, हेही सिद्ध होत नाही. नियमित दिनचर्या, विश्रांती, संयम हे सारे त्याच काळात घडत होते आणि क्षय काही रुग्णांत आपसूकही आटोक्यात येतो. महाविद्यालयीन अध्यापकाने विद्यार्थ्यांसमोर अशी कथने ठेवताना संवेदना, अर्थ आणि परिणाम हे तीन पदर वेगळे करून दाखविणे इष्ट. पहिल्याबाबत साधकाचा शब्द बव्हंशी प्रमाण मानावा लागतो, कारण तेथे दुसरा साक्षीदार नसतो. दुसरा काळाकडून व ग्रंथांकडून येतो. तिसऱ्याची तपासणी मात्र साधकाच्या शब्दावर सोडता येत नाही.

वांग श्यांगजाय यांचा आक्षेप

परंपरेच्या आतूनही हा प्रश्न उपस्थित झाला होता, याकडे सहसा दुर्लक्ष होते. वांग श्यांगजाय (१८८५–१९६३) हे गुओ युनशन यांचे धाकटे शिष्य म्हणून ओळखले जातात. म्हणजे सुन आणि ते एकाच शिंग-यी परंपरेतील. वांग यांनी ठरावीक आकृत्यांचा क्रम जवळपास टाकूनच दिला आणि स्थिर उभे राहणे हाच साधनेचा गाभा मानला. गुडघे किंचित सैल, हात जणू झाडाला कवेत घेतल्यासारखे, आणि बस्स, उभे राहणे. श्वास जबरदस्तीने पोटात दाबणे, कल्पिलेल्या मार्गांतून ची फिरविणे यांना त्यांचा कडक विरोध होता. आपल्या लेखनातून त्यांनी समकालीन युद्धकला-शिक्षकांवर सडकून टीका केली आणि पुष्कळांचा रोष ओढवून घेतला. १९५० च्या दशकात त्यांनी हीच उभी साधना रुग्णांना शिकविली.

सुन आकृती संपवून सरळ उभे राहत आणि तळाशी काय हलते आहे याकडे त्यांचे लक्ष जाई. वांग यांच्याकडे येणारा साधक आरंभापासूनच उभा असे, आणि त्याला सांगितले जाई की, आत काही विशेष घडण्याची वाट पाहू नये, श्वासाकडे मुद्दाम लक्ष देऊ नये, पाय थकले तर अंग थोडे वर घेऊन पुन्हा सैल सोडावे.