वारा फुकटचा, पण शिडाचा खर्च कुणी करायचा?

मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा कॅसलरॉक, लोंढा करत मालगाडीने तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडे जातो, हे या पट्ट्यात कुणाला सांगायला नको. असा सुटा माल वाहणाऱ्या मोठ्या जहाजांपैकी काहींवर आता पुन्हा शिडं उभी राहू लागली आहेत. फत्तेमारीची कापडी शिडं नव्हेत. ही टणक आहेत, विमानाचा पंख उभा करून ठेवावा तशी.

सर्वाधिक चर्चा झाली ती ‘पिक्सिस ओशन’ या सुमारे ८१ हजार टन क्षमतेच्या जहाजाची. शांघायच्या गोदीत त्यावर ३७.५ मीटर उंचीचे दोन पंख बसवले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ते ब्राझीलकडे निघालं. इंजिन काढलेलं नाही. वारा बाजूने आला की पंखाच्या एका अंगाला हवेचा दाब कमी होतो, जहाज पुढे ओढलं जातं आणि तेवढाच भार इंजिनावरून उतरतो. वारा अगदी समोरून असेल तर काही उपयोग नाही. बंदरात क्रेनच्या आड येऊ नयेत म्हणून पंख आडवे करता येतात.

पहिल्या सहा महिन्यांत सरासरी दिवसाला ३ टन इंधन वाचलं. वारा मनासारखा मिळाला त्या दिवशी ११ टनांपर्यंत.

दुसरा प्रकार फिरत्या खांबांचा. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेतच सरकतो, त्याच तत्त्वावर हे खांब चालतात. जर्मनीच्या आंटोन फ्लेटनरने १९२४ मध्येच ‘बुकाऊ’ जहाजावर ते बसवले होते. १९२६ मध्ये ते जहाज अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कलाही पोचलं. यंत्र चाललं, पण तेव्हाच्या स्वस्त इंधनापुढे त्याचा हिशेब बसला नाही.

खरी गोम आजही हिशेबातच आहे. इंधन टनाला ६०० डॉलर धरलं, तर ३ टनांचे दिवसाला १८०० डॉलर होतात. वर्षात २०० दिवस जहाज समुद्रात राहिलं, तर ३ लाख ६० हजार. रक्कम लहान नाही. पण ती जाते कुणाच्या खिशात? मुदतीच्या भाडेकरारात जहाज मालकाचं, इंधन भाडेकरूचं. भाड्याने दिलेल्या ट्रकचं ॲव्हरेज वाढवायला मालकाने पदरचे पैसे घालावेत आणि डिझेल वाचावं भाडेकरूचं, तसाच हा प्रकार. ‘पिक्सिस ओशन’ जपानच्या मित्सुबिशीचं, भाड्याने घेणारी कंपनी कारगिल. दोघे एकत्र आले, युरोपीय संघाचं अनुदानही मिळालं, म्हणून ही गाठ सुटली. प्रत्येक मालकाला असा भाडेकरू थोडाच भेटतो!

युरोपने यावर वेगळा दाब आणलाय. ५ हजार ग्रॉस टनांवरच्या जहाजांना तिथे कार्बनचे परवाने विकत घ्यावे लागतात. २०२४ च्या उत्सर्जनापैकी ४० टक्क्यांवर ही आकारणी सुरू झाली, २०२६ च्या उत्सर्जनावर ती पूर्ण लागू होते. युरोपबाहेरून येणाऱ्या फेरीचं निम्मं उत्सर्जन धरतात. इंधन कमी जळलं की परवानेही कमी लागतात, त्यामुळे पंखांचा खर्च लवकर फिटू शकतो.

जगभर असाच दर लावण्याचा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेतला प्रस्ताव मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनच्या बैठकीत वर्षभर पुढे ढकलला गेला. त्यामुळे ऑस्ट्रेलियाहून गोव्याकडे कोळसा आणणाऱ्या जहाजाच्या मालकाला पंख बसवायचे की नाही, हे तूर्त इंधनाचा भाव आणि भाडेकरूशी होणारी घासाघीस यांवरच ठरवावं लागेल.