रेडिएटर, पॅनेल

रेडिएटर, पॅनेल : थंड हवामानात खोली उबदार राखण्यासाठी भिंतीलगत बसविलेले, आतून गरम पाणी खेळविणारे पोलादी पत्र्याचे चपटे साधन. घरातील एका मध्यवर्ती बाष्पित्रात अथवा उष्णता पंपात तापविलेले पाणी नळांतून प्रत्येक खोलीतील रेडिएटरात येते, आपली उष्णता खोलीला देते आणि थंड होऊन पुन्हा तापविण्यासाठी परत जाते. यूरोपातील घरांत हे साधन सर्वसाधारण आहे. भारतात त्याचा वापर काश्मीर, लडाख, हिमाचल प्रदेश यांसारख्या थंड प्रदेशांतील काही इमारतींपुरता मर्यादित आहे. महाराष्ट्रातील घरांत ते आढळत नाही. तथापि ते निवडताना करावा लागणारा उष्णतेचा हिशेब नाशिकसारख्या हिवाळ्यात गारठणाऱ्या ठिकाणीही तितकाच उद्बोधक ठरतो.

गरम पाण्याच्या रेडिएटराचा आरंभ १८५५ च्या सुमारास सेंट पीटर्झबर्ग येथील कारखानदार फ्रांट्स सान-गाली यांनी केला, असे सामान्यतः मानले जाते. प्रारंभीचे रेडिएटर ओतीव लोखंडाचे, जड व पुष्कळ पाणी सामावणारे असत. विसाव्या शतकात दाबयंत्रावर घडविलेल्या पोलादी पत्र्याचे हलके पॅनेल प्रचारात आले. त्यांत पाणी थोडे मावत असल्याने ते लवकर तापतात व लवकर निवतात.

रचना व प्रकार : पन्हळी उठविलेले दोन पत्रे कडांशी व मध्ये ठिकठिकाणी वितळजोड देऊन जोडले, की त्यांच्यामधील पोकळ्यांतून पाणी वाहू शकते, हे एक पॅनेल होय. पॅनेलाच्या मागे घड्या घातलेला पातळ पत्रा जोडल्यास हवेला स्पर्श होणारे पृष्ठ वाढते. या पत्र्याला पंख म्हणता येईल. प्रकार दर्शविण्यासाठी दोन अंक वापरतात. पहिला अंक पॅनेलांची आणि दुसरा पंखांच्या ओळींची संख्या दाखवितो. त्यानुसार १० म्हणजे पंखाविना एक पॅनेल, ११ म्हणजे एक पॅनेल व एक ओळ, २१ म्हणजे दोन पॅनेल व एक ओळ, २२ म्हणजे दोन पॅनेल व दोन ओळी आणि ३३ म्हणजे तीन पॅनेल व तीन ओळी. ११ प्रकाराची जाडी सुमारे ६ सेंमी., २२ ची सुमारे १० सेंमी. व ३३ ची सुमारे १५ सेंमी. असते. उंची बहुधा ३० ते ९० सेंमी.च्या ठराविक मापांत मिळते.

रेडिएटर या नावावरून हे साधन केवळ प्रारणाने उष्णता देते असा समज होतो. पण तो अपुरा आहे. पंखांमधील हवा तापून वर जाते व तिच्या जागी खालून थंड हवा येते. या अभिसरणानेच बहुतांश उष्णता खोलीत पसरते. पंख जितके अधिक, तितका प्रारणाचा वाटा कमी होतो.

उष्णताव्ययाचा हिशेब : रेडिएटरचा आकार खोलीच्या क्षेत्रफळावरून अदमासाने ठरविण्याची पद्धत रूढ असली, तरी ती फसवी आहे. खोली जितकी उष्णता गमावते तितकीच तिला पुरवावी लागते. ही हानी दोन मार्गांनी होते : भिंती, छप्पर व खिडक्या यांतून होणारे पारगमन आणि फटींतून वा वायुवीजनामुळे होणारी हवेची अदलाबदल. आतील व बाहेरील तापमानांत १° से. फरक असता १ चौ. मी. पृष्ठातून जितके वॉट उष्णता जाते, त्या संख्येस त्या पृष्ठाचा पारगमन गुणांक म्हणतात. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या २३ सेंमी. विटांच्या भिंतीचा गुणांक सुमारे २·२, उघड्या काँक्रीट स्लॅबचा सुमारे ३·५ व एकेरी काचेचा सुमारे ५·७ असतो. हवेसाठी, खोलीतील हवा तासाला एकदा बदलते असे धरल्यास, दर घनमीटरला सुमारे ०·३३ वॉट प्रति अंश धरावे लागतात.

उदाहरणादाखल नाशिकमधील सर्वांत वरच्या मजल्यावरील ४ मी. × ३ मी. × ३ मी. मापाची खोली घेता येईल. तिच्या दोन भिंती बाहेरच्या असून त्यांचे क्षेत्रफळ २१ चौ. मी. व त्यातील खिडकी २ चौ. मी. आहे, उरलेल्या दोन भिंतींपलीकडे आणि खाली तितक्याच उबदार खोल्या आहेत. अशा खोलीत भिंतींतून ४२, खिडकीतून ११, स्लॅबमधून ४२ व हवेवाटे १२ असे एकूण सुमारे १०७ वॉट दर अंशामागे निघून जातात. बाहेर ८° से. व आत २०° से. असता ही हानी सुमारे १,३०० वॉट होते.

आता हीच खोली यूरोपातील चांगल्या उष्णतारोधी घरात आहे असे मानू. तेथे भिंतीचा गुणांक ०·३, छपराचा ०·२ व दुहेरी काचेच्या खिडकीचा १·४ असून हवा दोन तासांनी एकदा बदलते. बाहेर शून्याखाली ५° से. तापमान असूनही तिची हानी सुमारे ४२० वॉटच भरते. याचा अर्थ, नाशिकच्या साध्या थंडीतील उघड्या विटांच्या खोलीला बर्फाळ प्रदेशातील त्या खोलीच्या तिप्पट उष्णता लागते. घर किती गार पडते हे केवळ हवामानावर नव्हे, तर बांधकामावर अवलंबून असते.

रेडिएटरची निवड : उत्पादकाने दिलेला उष्णतेचा आकडा विशिष्ट परिस्थितीतला असतो, ही गोष्ट ग्राहकाच्या ध्यानात सहसा येत नाही. ईएन ४४२ या यूरोपीय मानकानुसार तो पाणी ७५° से.ला आत येऊन ६५° से.ला बाहेर पडत असता व खोली २०° से. असता मोजतात. म्हणजे पाण्याचे सरासरी तापमान खोलीपेक्षा ५०° से.ने अधिक असते. या परिस्थितीत ६० सेंमी. उंचीच्या २२ प्रकाराच्या पॅनेलापासून लांबीच्या दर मीटरला सुमारे १,७०० वॉट, तर ११ प्रकारापासून सुमारे १,००० वॉट मिळतात.

उष्णता पंप मात्र कमी तापमानाच्या पाण्यावर अधिक काटकसरीने चालतो. पाणी ५५° से.ला येऊन ४५° से.ला गेल्यास फरक ३०° से. राहतो. उष्णता या फरकाच्या सुमारे १·३ व्या घाताच्या प्रमाणात बदलत असल्याने तोच रेडिएटर आता जेमतेम ५२ टक्के उष्णता देतो. म्हणून ४२० वॉटच्या खोलीसाठी आकडेपत्रात सुमारे ८१५ वॉटचा रेडिएटर शोधावा लागतो. २२ प्रकाराचे अर्ध्या मीटरचे पॅनेल त्यास पुरते. उलट उष्णतारोधनाविना तीच खोली शून्याखाली ५° से. तापमानात सुमारे २,७०० वॉट गमावते. तिला त्याच पाण्यावर ३ मी.हून लांब पॅनेल लागेल, म्हणजे तिची एक भिंतच व्यापली जाईल. यास्तव आधी फटी, छप्पर व भिंती यांचा बंदोबस्त करून मग रेडिएटर निवडणे हाच योग्य क्रम होय.

रेडिएटर शक्यतो खिडकीखाली बसवितात. त्यामुळे काचेवरून उतरणारी थंड हवा वर चढणाऱ्या गरम हवेत मिसळते व पायांना झोत लागत नाही. जमिनीपासून सुमारे १० सेंमी. अंतर सोडणे आणि पुढे पडदा अथवा अवजड सामान न ठेवणे आवश्यक असते. प्रत्येक रेडिएटरला तापस्थापी झडप असल्यास खोलीगणिक तापमान राखता येते. पाण्यात विरलेल्या ऑक्सिजनामुळे पोलाद गंजते. म्हणून मंडल बंदिस्त ठेवतात, त्यात गंजरोधक मिसळतात व वारंवार नवे पाणी भरणे टाळतात.

नाशिकची स्थिती : सुमारे ६०० मी. उंचीवरील नाशिकमध्ये जानेवारीत किमान तापमान सरासरीने १०° से.च्या आसपास असते. थंडीच्या लाटेत ते आणखी खाली येते. निफाड परिसरात अशा रात्री द्राक्षबागांत शेकोट्या पेटवितात. परंतु घरे तापविण्याची कायम व्यवस्था कोठे नसते. त्याचे कारण दिवसाच्या तापमानात आहे. दुपारी ते २८° से.च्या जवळ जात असल्याने दिवसरात्रीची सरासरी १९° ते २०° से. येते. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती दिवसाची उष्णता साठवून रात्री सावकाश परत देतात. वर काढलेला १,३०० वॉटचा आकडा ८° से. तापमान सतत टिकले तरच खरा ठरतो. पहाटेच्या काही तासांसाठी बाष्पित्र, नळ व पॅनेल यांचा खर्च येथे परवडणारा नाही.

मात्र थंडीकडे दुर्लक्ष करणेही इष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये समशीतोष्ण व थंड हवामानातील घरांत किमान १८° से. तापमानाची शिफारस केली असून वृद्ध व बालके यांना त्याहून अधिक उबेची गरज असू शकते. सर्वांत मोठा धोका बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजण्यात आहे. अपुऱ्या हवेत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वास व रंग नसलेला वायू निर्माण होतो. तो रक्तातील हीमोग्लोबिनाशी ऑक्सिजनापेक्षा कितीतरी घट्टपणे संयोग पावतो आणि झोपेतच मृत्यू ओढवू शकतो. त्यापेक्षा गच्चीवर उष्णतारोधी थर घालणे, खिडक्यांच्या फटी बुजविणे, दक्षिणेकडील ऊन दिवसा आत घेणे आणि गरजेपुरता तेलभरित विद्युत् रेडिएटर वापरणे हे उपाय सुरक्षित आहेत. यांपैकी गच्चीवरील थर मे महिन्यातील उन्हाचा तापही कमी करीत असल्याने नाशिकच्या घरांना तो दोन्ही ऋतूंत उपयोगी पडतो.