बी. आर. चोप्रा : निवाडा प्रेक्षकांवर सोपवणारा निर्माता

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली, माणसं घरात अडकली आणि दूरदर्शनने ‘महाभारत’ पुन्हा दाखवायला घेतलं. तीन दशकांपूर्वीची मालिका, तिचे रंग फिके पडलेले, युद्धातली तंत्रकरामत जुनी झालेली. तरीही ज्यांचा जन्म पहिल्या प्रक्षेपणानंतर झाला होता, ती मुलंही तिच्यात रमली. या मालिकेचे निर्माते बलदेवराज चोप्रा यांचं नाव त्या निमित्ताने पुन्हा ओठांवर आलं. पण ‘महाभारत’ सुरू झालं तेव्हा चोप्रा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि त्यांच्या मागे चार दशकांचं काम उभं होतं. त्या कामाकडे एका ओळीत पाहिलं की एक गोष्ट ठळक होते. समाजाने गप्प बसून मिटवलेला वाद हा माणूस पुन्हा उघडत होता, दोन्ही बाजूंना बोलायला लावत होता आणि निवाडा प्रेक्षकांवर सोपवत होता.

याचं मूळ त्यांच्या पहिल्या व्यवसायात आहे. २२ एप्रिल १९१४ रोजी पंजाबात जन्मलेले चोप्रा लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातून इंग्रजी साहित्याचे एम. ए. झाले आणि चित्रपट पत्रकारितेत शिरले. ‘सिने हेरल्ड’ या मासिकाचं संपादन त्यांनी केलं. दुसऱ्यांच्या चित्रपटांची चिरफाड करता करता गोष्ट कुठे फसते, हे त्यांना कळत गेलं. फाळणीने लाहोर सुटलं. आधी दिल्ली आणि मग मुंबई गाठलेल्या या पत्रकाराने निर्मितीत पैसा घातला तो ‘करवट’ या चित्रपटात, आणि तो साफ पडला. १९५१ च्या ‘अफसाना’ने मात्र त्यांना सावरलं. अशोककुमार यांची दुहेरी भूमिका असलेला हा चित्रपट त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला होता.

१९५५ मध्ये बी. आर. फिल्म्स उभी राहिली आणि या संस्थेचा पहिलाच चित्रपट ‘एक ही रास्ता’ विधवेच्या पुनर्विवाहावर होता. पुढची वाट तिथेच ठरली. ‘नया दौर’ (१९५७) हा त्या वाटेवरचा मोठा टप्पा. अख्तर मिर्झा यांच्या या कथेला आधी कुणी हात लावायला तयार नव्हतं. टांगेवाल्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न कोण पाहायला येणार, असा व्यवहारी सवाल होता. चोप्रांना त्यात काळाची नाडी सापडली. दुसरी पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झाली होती, अवजड उद्योगांचा जयघोष चालला होता. अशा वेळी गावात मोटार आली तर टांग्यावर जगणाऱ्यांनी काय करायचं, हा प्रश्न त्यांनी दिलीपकुमारच्या तोंडी दिला. चित्रपट यंत्राला शत्रू ठरवत नाही. यंत्राचा फायदा कुणाच्या पदरात पडणार, एवढंच विचारतो. गावकरी कुदळ-फावडी घेऊन रस्ता बांधतात आणि त्या रस्त्यावरून टांगा मोटारीशी शर्यत लावतो. हे सगळं ओ. पी. नय्यर यांच्या ठेक्यावर आणि साहिर लुधियानवींच्या शब्दांवर येतं. म्हणून अर्थशास्त्रातला वाद लोकांच्या ओठी बसला.

याच चित्रपटाने चोप्रांना खऱ्याखुऱ्या कोर्टातही उभं केलं. नायिका म्हणून मधुबालाशी करार झाला होता. भोपाळकडच्या बाह्यचित्रीकरणाला तिच्या वडिलांनी नकार दिला आणि चोप्रांनी वैजयंतीमालाला घेतलं. जाहिरातीत मधुबालाच्या नावावर काट मारून नवं नाव छापलं गेलं. प्रकरण मुंबईच्या न्यायालयात गेलं, दिलीपकुमार चोप्रांच्या बाजूने साक्षीला उभे राहिले. शेवटी चोप्रांनीच खटला मागे घेतला. करार हा करार असतो, यावर ते ठाम होते. पण एका कलावतीला शिक्षा व्हावी इथपर्यंत त्यांनी ताणलं नाही. तो निर्णय मला त्यांच्या स्वभावाची खरी खूण वाटतो.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं म्हणजे चोप्रांचा सर्वांत तेजस्वी काळ. ‘साधना’ (१९५८) वेश्येला घरात सून म्हणून घेता येईल का, हे विचारतो. ‘धूल का फूल’ (१९५९) कुमारी मातेने टाकलेल्या मुलाची गोष्ट सांगतो आणि ते मूल एका मुसलमान माणसाच्या हाती वाढवतो. ‘धर्मपुत्र’ (१९६१) त्याच्याही पुढे जाऊन फाळणीच्या जखमेला हात घालतो. शेवटच्या दोन्ही चित्रपटांचं दिग्दर्शन धाकटे भाऊ यश चोप्रा यांचं. सख्ख्या भावाला पहिली संधी देताना कुणीही सोपा, हमखास विषय निवडला असता. चोप्रांनी त्याला सर्वांत अवघड विषय दिले. ‘धर्मपुत्र’ तिकीटबारीवर चालला नाही, पण राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला. या तिन्ही चित्रपटांचं संगीत एन. दत्ता यांचं होतं. एन. दत्ता म्हणजे गोव्यातून मुंबईत आलेले आपले दत्ता नाईक. साहिर यांची धारदार कविता पेलणाऱ्या चाली त्यांनी दिल्या, आणि तरीही त्यांचं नाव आज फार थोड्यांना आठवतं, याची खंत वाटते.

या काळातला मुकुटमणी मात्र ‘कानून’ (१९६०). हिंदी चित्रपट आणि गाणी यांची फारकत क्वचितच व्हायची, तेव्हा चोप्रांनी एकही गाणं नसलेला चित्रपट काढला, तोही फाशीच्या शिक्षेवर. सुरुवातीचाच प्रसंग पाहा. जीवनने रंगवलेला कालिदास खुनाच्या आरोपाखाली उभा आहे. ज्या माणसाचा खून केला म्हणून त्याने जन्मठेप भोगली, तो माणूस जिवंतच होता. सुटून आल्यावर कालिदासने त्याला खरोखर मारलं. आता तो न्यायाधीशांना विचारतो : या गुन्ह्याची शिक्षा मी आधीच भोगली आहे, मला पुन्हा शिक्षा करणार असाल, तर माझी गेलेली वर्षं परत कराल का? कोर्टात शांतता पसरते आणि तिथेच तो कोसळतो. पुढे सबंध चित्रपटभर प्रेक्षक त्या प्रश्नातून सुटत नाही. खुनाच्या खोट्या आरोपात अडकलेल्या भुरट्या चोराची भूमिका आपल्या नाना पळशीकरांनी केली. गयावया करणारा, कायद्याची भाषाच न कळणारा तो गरीब माणूस त्यांनी असा उभा केला की साहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार त्यांच्याकडे चालत आला. चोप्रांना याच चित्रपटासाठी दिग्दर्शनाचा फिल्मफेअर मिळाला.

निर्माता म्हणून चोप्रांचं खरं भांडवल त्यांचे लेखक होते. पंडित मुखराम शर्मा, अख्तर मिर्झा, उर्दू कवी अख्तर-उल-इमान, पुढे कमलेश्वर, अचला नागर, राही मासूम रझा : ही नावं एकत्र वाचली तरी कळतं की या घरात साहित्यिकाला मान होता. आवाज पारखायचीही त्यांना दृष्टी होती. महेंद्र कपूर यांना ‘धूल का फूल’, ‘गुमराह’, ‘हमराज’मधून त्यांनी मोठं केलं. दादा कोंडके यांच्या चित्रपटांमुळे जो आवाज मराठी माणसाला घरचा वाटला, त्याचा हिंदीतला पाया मोठ्या प्रमाणात बी. आर. फिल्म्समध्ये घातला गेला.

साठच्या दशकात ‘वक्त’ने अनेक तारे एकत्र आणण्याचा पायंडा पाडला. ‘इत्तेफाक’ (१९६९) तर दुसरा मोठा चित्रपट अडला असताना हाती असलेल्या माणसांना घेऊन, गुजराती नाटकावरून झटपट केलेला बिनगाण्यांचा चित्रपट. मग यश चोप्रा वेगळे झाले. ‘दास्तान’ हा ‘अफसाना’चा नवा अवतार दिलीपकुमार असूनही कोसळला. पण सत्तरच्याच दशकात बासू चटर्जींचा ‘छोटी सी बात’ बी. आर. फिल्म्सने काढला आणि अमोल पालेकरांचा लाजरा कारकून घराघरांत पोहोचला. ‘द बर्निंग ट्रेन’ (१९८०) हा मात्र खर्चाचा डोंगर ठरला.

त्याच वर्षीचा ‘इन्साफ का तराजू’ नीट तपासायला हवा. महाराष्ट्रातल्याच मथुरा बलात्कार प्रकरणावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या होत्या. अशा वेळी बलात्कारित स्त्रीला कोर्टात पुन्हा कसं नागवलं जातं, हे चोप्रांनी सर्वसामान्य प्रेक्षकासमोर मांडलं. त्यातले उलटतपासणीचे प्रसंग आजही अंगावर येतात. पण अत्याचाराची दृश्यं कॅमेरा ज्या रेंगाळत्या नजरेने टिपतो, विशेषतः कोवळ्या वयाच्या पद्मिनी कोल्हापुरे यांच्याबाबतीत, ती नजर चित्रपटाच्या उद्देशालाच छेद देते. चोप्रांवर प्रेम असूनही हे सांगायला हवं. दोन वर्षांनी आलेला ‘निकाह’ जास्त प्रामाणिक आहे. तीनदा तलाक उच्चारून संसार मोडता येतो का, हे त्यात शेवटी बाईच विचारते, आणि दोन्ही नवऱ्यांना विचारते.

आणि मग ‘महाभारत’. २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०, चौऱ्याण्णव भाग. दिग्दर्शनात मुलगा रवी चोप्रा, सल्लागार पंडित नरेंद्र शर्मा, लेखक राही मासूम रझा. मुसलमान लेखकाने महाभारत का लिहावं, अशी पत्रं आली, तेव्हा चोप्रांनी ती रझांकडेच पाठवली. आधी नकार देणारे रझा त्या पत्रांमुळेच लिहायला बसले, कारण गंगेकाठचा आपला वारसा कुणी हिरावून घ्यावा हे त्यांना मंजूर नव्हतं. कथा सांगायला त्यांनी ‘समय’ आणला, हरीश भिमानींच्या आवाजात. काळच सूत्रधार झाल्यावर कुठलाही पक्ष घ्यायची गरज उरली नाही. कृष्णाच्या भूमिकेत मराठी नितीश भारद्वाज आले आणि गावोगावी लोक त्यांच्या पाया पडू लागले.

मला या मालिकेत सर्वांत चोप्रांची वाटते ती द्यूतसभा. रूपा गांगुलींची द्रौपदी भर सभेत विचारते की युधिष्ठिर आधी स्वतःला हरला असेल, तर मला पणाला लावायचा त्याला हक्क कुठला? भीष्म, द्रोण बसलेत आणि कायद्याच्या या प्रश्नाला धड उत्तर नाही. ‘कानून’मधला कालिदास आणि ही द्रौपदी एकाच जातीची माणसं आहेत. दोघंही शिक्षेच्या ठिकाणी उभे राहून न्याय करणाऱ्यांनाच जाब विचारतात. चोप्रांनी हा प्रसंग चमत्कारावर उरकला नाही. साडी पुरवणाऱ्या कृष्णाआधी सवाल करणाऱ्या स्त्रीला त्यांनी पुरेसा वेळ दिला.

१९९८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, २००१ मध्ये पद्मभूषण. २००३ चा ‘बागबान’ त्यांच्याच कथेवर होता. म्हाताऱ्या आईबापांची मुलांमध्ये झालेली वाटणी राजा परांजपे यांच्या ‘ऊन पाऊस’ने मराठीत १९५४ मध्येच दाखवली होती, ‘बागबान’ तिच्याइतका हळवा आणि खोल नाही, पण नव्वदीला टेकलेल्या निर्मात्याला अजूनही घरातला अन्याय खुपत होता, हे त्यातून दिसतं. ५ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

विधवाविवाह, यंत्र आणि श्रम, फाशी, फाळणी, तलाक, बलात्काराचा खटला : यातला एकही विषय हमखास धंद्याचा नव्हता. चोप्रांनी ते सगळे धंदा म्हणूनच केले आणि बहुतेक वेळा प्रेक्षकांनी त्यांना साथ दिली. लोकांना हेच आवडतं, असं सांगून उथळ गोष्टी विकणाऱ्या आजच्या वाहिन्यांनी आणि निर्मात्यांनी ही कारकीर्द एकदा नीट वाचावी. विचार करायला लावलं तर प्रेक्षक पाठ फिरवतो, हा समज बी. आर. चोप्रांनी चाळीस वर्षांत पुन्हा पुन्हा खोटा ठरवला आहे.