तिएग्वानयिन : एका चहाचे नाव आणि त्याचा सुगंध

चीनच्या फूजियान प्रांतातील आन्शी परगण्यात पिकणाऱ्या एका चहाचे नाव ‘तिएग्वानयिन’ असे आहे. ‘तिए’ म्हणजे लोह व ‘ग्वानयिन’ म्हणजे अवलोकितेश्वर. कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचा चिनी अनुवाद केला, आणि त्यातील एका प्रकरणामुळे हे नाव तेथे घरोघरी पोहोचले. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील ७ क्रमांकाच्या लेण्यात आठ भयांतून तारणारा जो अवलोकितेश्वर आपण पाहतो, तोच चीनमध्ये कालांतराने स्त्रीरूपात वावरू लागला.

चहाला हे नाव कसे मिळाले, याविषयी दोन कथा प्रचलित आहेत. वेई नावाचा शेतकरी ग्वानयिनपुढे रोज चहाचा पेला ठेवीत असे. त्याला स्वप्नात एक झुडूप दिसले व ते कड्याच्या कपारीत सापडले, ही पहिली. वांग नावाच्या विद्वानाला ते एका खडकाखाली मिळाले आणि त्याने ते छ्यनलोंग सम्राटाला अर्पण केले, ही दुसरी. दोन्ही घराण्यांचे वंशज आजही आपलाच दावा खरा मानतात. दोन्ही कथांतील चमत्कार व राजकृपा बाजूस सारली, तर विश्वसनीय असे एवढेच उरते की, अठराव्या शतकाच्या सुमारास कुणीतरी एक वेगळे झुडूप ओळखले आणि ते बियांपासून न वाढविता कलमांनी वाढविले. म्हणूनच त्याचा गुण टिकून राहिला. पान जड व गडद दिसते, म्हणून ‘लोह’ हा शब्द आला असे सांगतात.

या चहाचा सुगंध ऑर्किडच्या फुलासारखा असतो. परंतु त्यात कोणतेही फूल मिसळलेले नसते. हिरव्या चहात पान लगेच तापवून त्याचा रंग राखला जातो, काळ्या चहात ते पूर्ण तांबूस होऊ दिले जाते. ऊलोंग हा या दोहोंमधला प्रकार होय. खुडलेली पाने प्रथम कोवळ्या उन्हात मलूल करतात, मग सावलीत थंड करतात. त्यानंतर ती बांबूच्या पिंपात घालून घुसळतात, विसावू देतात, पुन्हा घुसळतात. हे काम रात्रभर चालते. पानांच्या कडा एकमेकींवर आपटून दुखावतात व तांबूस होतात, मधला भाग हिरवाच राहतो. या आघातालाच प्रतिसाद म्हणून पानात सुगंधी द्रव्ये वाढतात. नेरोलिडॉल व इंडोल ही त्यांतील प्रमुख. कधी थांबावे हे कारागीर नाकाने ठरवितो. मग तापलेल्या कढईत ही क्रिया रोखली जाते, पाने कापडाच्या गाठोड्यात बांधून पुनःपुन्हा मळली जातात आणि त्यांच्या घट्ट गोळ्या होतात. देवीच्या वरदानाच्या कथा सर्वांना ठाऊक असतात; रात्रभर जागणाऱ्या या हातांची नावे मात्र फारशी कुणाला ठाऊक नसतात. २०२२ साली युनेस्कोने चीनच्या पारंपरिक चहानिर्मितीस अमूर्त वारशाच्या सूचीत स्थान दिले, त्यात या कौशल्याचाही समावेश आहे.

आज याचे मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक फिकट, हिरवट व फुलांच्या वासाचा. तो लवकर शिळा होतो, म्हणून थंड जागी ठेवावा लागतो. दुसरा मंद आचेवर भाजलेला. त्याची चव खोल व किंचित गोडसर असते. आमच्या मते दूरच्या ग्राहकाने दुसरा घ्यावा.

तो करण्याची रीत सोपी आहे. झाकणाच्या सुमारे १०० मिलिलीटरच्या वाटीत (तिला ‘गायवान’ म्हणतात) ५ ते ७ ग्रॅम चहा घालावा. उकळते पाणी ओतून ते लगेच फेकून द्यावे. गोळ्या सैल होऊ लागतात. पुन्हा पाणी घालून २०-३० सेकंदांत गाळावे, आणि पुढील प्रत्येक वेळी थोडा अधिक वेळ द्यावा. तीच पाने सहा-सात वेळा चालतात. दूध-साखर घालू नये. आपल्या उकळलेल्या चहाची सवय असलेल्या जिभेला पहिला पेला पाणचट वाटेल, तिसऱ्या पेल्यास गळ्यात गोडवा जाणवू लागेल. शेवटी एखादे पान बोटांनी उलगडून पाहावे. जुन्या पद्धतीच्या चहात कडेची तांबडी रेघ स्पष्ट दिसते. नव्या हिरवट प्रकारात मात्र या कडा बऱ्याचदा झाडून काढलेल्या असतात.