जगाचे व्यवहार जिथे ठरतात

ढाका, लागोस, कराची या शहरांची वस्ती लंडनपेक्षा मोठी. तरीही परकीय चलनाच्या बाजारात लंडनची बरोबरी कुणालाच करता येत नाही. २०२२च्या पाहणीत जगभरच्या चलन-उलाढालीपैकी सुमारे ३८ टक्के ब्रिटनमध्ये, म्हणजे मुख्यतः लंडनमध्ये झाली. साम्राज्य गेलं, पौंडाचा दबदबा ओसरला, पण बाजार हलला नाही.

याची उकल समाजशास्त्रज्ञ सास्किया सासेन यांनी १९९१मध्ये ‘द ग्लोबल सिटी’त केली. कारखाने देशोदेशी पांगले, की त्यांचा हिशेब, करार, कर्ज आणि विमा सांभाळणारे तज्ज्ञ मोजक्या शहरांत एकवटतात. शहराचं जागतिक वजन या तज्ज्ञांच्या दाटीतून येतं.

लंडनच्या लॉइड्समध्ये ही दाटी उघड दिसे. सतराव्या शतकाच्या अखेरीस एका कॉफीगृहात सुरू झालेला हा विमाबाजार. जहाजाचा तपशील लिहिलेला कागद घेऊन दलाल एका मेजावरून दुसऱ्या मेजाकडे जाई. जोखीम पत्करणारा आपल्या वाट्याची टक्केवारी लिहून सही करी. शंभर टक्के भरले की विमा पक्का. अशा सहीमागे जगभर मान असलेला इंग्रजी कायदा उभा होता. विम्यासारखंच कर्जाचं. १९५७च्या पौंड-संकटानंतर लंडनच्या बँका डॉलरमध्ये कर्जं देऊ लागल्या. अमेरिकेतल्या व्याजदरांवरच्या मर्यादा त्यांच्या पथ्यावर पडल्या. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी शेअरदलालांची ठरीव दलाली रद्द झाली आणि परदेशी बँकांना दारं सताड उघडली.

सिंगापूरने हीच वाट योजून धरली. सॅन फ्रान्सिस्कोचा बाजार बंद झाल्यापासून झ्युरिकचा उघडेपर्यंतची पोकळी हेरून १९६८मध्ये तिथे आशियाई डॉलर बाजार सुरू झाला. १९७२मध्ये कंटेनर बंदरही उभं राहिलं.

मुंबईकडे १८७५पासूनचा शेअरबाजार आहे, रिझर्व्ह बँकेचं मुख्यालय आहे. मुंबईला आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्र करण्याचा आराखडा पर्सी मिस्त्री समितीने २००७मध्ये मांडला. देशातलं पहिलं केंद्र मात्र २०१५मध्ये गांधीनगरजवळ गिफ्ट सिटीत सुरू झालं. रुपयाच्या भांडवली व्यवहारांवरची बंधनं आणि वर्षानुवर्षं रेंगाळणारे दावे हे मुंबईपुढचे अडथळे आहेतच. त्याहून मोठा प्रश्न घराचा. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगाव मोडलं, लोअर परळला काचेचे मनोरे आले. लंडनच्या बंद पडलेल्या गोद्यांवर कॅनरी वॉर्फचे मनोरे आले तसेच. दोन्हीकडे कष्टकऱ्यांची रोजी आणि वस्ती, दोन्ही उखडली गेली.

सासेन यांचं एक म्हणणं आपल्याकडे फारसं कुणी मनावर घेत नाही: या मनोऱ्यांतले सफाई कामगार, चालक, पहारेकरी हेही जागतिक अर्थव्यवस्थेचाच भाग आहेत. पहाटेची लोकल पकडून विरार-बदलापूरहून येणाऱ्या माणसाला कामाच्या जवळ परवडणारं घर देणं ही दया नव्हे, शहराच्या बळकटीतली गुंतवणूक आहे. निःपक्ष कायदा, खुला व्यवहार आणि राबणाऱ्याला हक्काची जागा, या तिन्हींवर मुंबईचं जागतिक स्थान ठरणार आहे. नुसत्या उंच इमारतींनी ते मिळणार नाही.