८८० टनांतले ०.७ ग्रॅम

नोव्हेंबर २०२४मध्ये जपानच्या फुकुशिमा दाईची अणुवीज केंद्रातून एक खडा बाहेर काढण्यात आला. वजन सुमारे ०.७ ग्रॅम. वितळून गोठलेल्या इंधनाचा हा पहिला नमुना. असा ऐवज आत अंदाजे ८८० टन पडून आहे.

११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि त्सुनामीनंतर केंद्राची वीज गेली, इंधन थंड ठेवणारे पंप बंद पडले आणि तीन अणुभट्ट्यांतले इंधन वितळले. युरेनियम, त्यावरचे झिर्कोनियमचे आवरण आणि पोलाद एकत्र वितळून खाली ओघळले. हे मिश्रण उचलायचे तर आधी ते नेमके कुठे आहे, हे कळायला हवे. किरणोत्सार इतका तीव्र की माणसाला तिथे प्रवेश नाही.

मदतीला आले वैश्विक किरण. ते वातावरणावर आदळले की म्यूऑन नावाचे कण तयार होतात. हे कण काँक्रीटमधून सहज आरपार जातात. युरेनियमसारख्या जड, घन पदार्थात मात्र त्यांतले अधिक अडतात. इमारतीबाहेर ठेवलेल्या यंत्रांनी पलीकडे पोहोचलेले म्यूऑन मोजले, तेव्हा २०१५मध्ये स्पष्ट झाले, की पहिल्या अणुभट्टीच्या गाभ्यात इंधन जवळजवळ उरलेलेच नाही.

पुढचे काम रोबोंचे. फेब्रुवारी २०१७मध्ये दुसऱ्या अणुभट्टीत गेलेला एक रोबो वाटेतच अडकला आणि तिथेच सोडून द्यावा लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये तिसऱ्या अणुभट्टीतल्या पाण्यात पोहणाऱ्या छोट्या रोबोने मात्र गोठलेल्या ढिगाऱ्याची छायाचित्रे पाठवली. रोबोंनाही किरणोत्सार सोसत नाही: अर्धवाहक चिपा निकामी होतात, कॅमेरे आंधळे होतात.

०.७ ग्रॅमचा खडा काढणारे उपकरण लांबवता येणाऱ्या गळाच्या काठीसारखे होते, कमाल लांबी सुमारे २२ मीटर. ऑगस्ट २०२४मधला पहिला प्रयत्न नळ्यांचा क्रम चुकल्याने थांबला, पुढे कॅमेरे बंद पडले. इतका लहान असला तरी हा खडा मोलाचा आहे. ढिगारा किती कठीण, त्यात काय किती मिसळले आहे, हे त्याच्या तपासणीतून कळते आणि कापणारी हत्यारे कशी हवीत, ते त्यावरून ठरते.

ढिगारा थंड ठेवणारे पाणी हा वेगळा प्रश्न. गाळण यंत्रणा त्यातली बहुतेक किरणोत्सारी मूलद्रव्ये काढते. ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचे किरणोत्सारी रूप, मात्र पाण्याच्या रेणूचाच भाग बनलेले असल्याने उरते. म्हणून ते पाणी खूप विरळ करून ऑगस्ट २०२३पासून समुद्रात सोडले जात आहे.

केंद्र मोडण्याचे सगळे काम २०५१पर्यंत संपवण्याचे उद्दिष्ट आहे. पण मोठ्या प्रमाणावर ढिगारा काढणे २०३७च्या आधी सुरू होणार नाही, असे केंद्र चालवणाऱ्या टेपको कंपनीने २०२५मध्ये जाहीर केले. राहिलेली चौदा वर्षे त्यासाठी अपुरी वाटतात. म्हणूनच अणुवीज स्वस्त की महाग, हे ठरवताना केंद्र मोडण्याचा आणि अपघात निस्तरण्याचा खर्चही पहिल्या दिवसापासून हिशेबात धरायला हवा.